दंड भरून मोकळं व्हावं का?

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या शेताच्या बांधावरून भावकीत जुना वाद आहे. गेल्या महिन्यात बांधावरच भांडण पेटलं. त्यात माझ्या धाकट्या भावाच्या हातून (वय २२) चुलतभावाच्या मनगटाचं हाड मोडलं. फावड्याचा दांडा लागला. माझ्या बाबांच्या डोक्यालाही तीन टाके पडले, पण घरचंच भांडण म्हणून आम्ही तक्रार दिली नाही. त्यांनी मात्र दुसऱ्याच दिवशी फिर्याद दिली. एफआयआरमध्ये भाऊ आणि बाबा दोघांची नावं आहेत आणि कलमं अशी आहेत : बीएनएस (भारतीय न्याय संहिता) ११७(२), ११५(२), ३५२ (मुद्दाम अपमान), ३५१(२) (धमकी) आणि ३(५). भावाला ३५(३) ची नोटीस आली आहे, गुरुवारी पोलीस ठाण्यात बोलावलं आहे. तो पोलीस भरतीची तयारी करतोय. ओळखीचे एक गृहस्थ सांगतात, ‘कोर्टात गुन्हा कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा, कशाला वर्षानुवर्षं तारखा करता?’ आणखी कोणी म्हणतं, भरतीच्या फॉर्ममध्ये केसचा उल्लेखच करू नका. बाबा तर त्या दिवसापासून कोणाशी बोलतच नाहीत. आम्ही काय करावं?

उत्तर : ताई, त्या गृहस्थांचा सल्ला आधी बाजूला ठेवू. बाकीचं सगळं त्यानंतर.

‘दंड भरा आणि मोकळे व्हा’ हे वाक्य तालुका कोर्टाच्या आवारात इतक्या वेळा ऐकू येतं, की लोकांना तो कायदाच वाटतो. तुमच्या भावाच्या बाबतीत तर ते मुळातच चुकीचं आहे. ११५(२) म्हणजे साधी दुखापत. त्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यातला ‘किंवा’ महत्त्वाचा आहे, कारण तिथे नुसत्या दंडावर सुटता येतं. ११७(२) म्हणजे गंभीर दुखापत, तिथे हा ‘किंवा’ नाही. तिथे ७ वर्षांपर्यंत कैद, आणि शिवाय दंड. किमान किती कैद हे कलम सांगत नाही, त्यामुळे न्यायाधीश एक दिवसाचीही देऊ शकतात, कोर्ट उठेपर्यंत बसवूनही ठेवू शकतात. पण कैद ती कैदच. निकालपत्रावर ‘दोषी’ हा शब्द येतो आणि तो तिथेच राहतो. पोलीस दलात जाऊ पाहणाऱ्या मुलासाठी याहून महाग सल्ला मला सुचत नाही.

तुमच्या पत्रात दोन-तीन शब्द एकमेकांत मिसळलेत, तेही सुटे करते. भावावर ‘गुन्हा दाखल झाला’ म्हणजे एका माणसाने तक्रार दिली आणि पोलिसांनी ती नोंदवली. तपास झाला की पोलीस दोषारोपपत्र, म्हणजे आपण ज्याला चार्जशीट म्हणतो ते कोर्टात देतात, किंवा पुरावा नसेल तर समरी रिपोर्ट पाठवतात. महाराष्ट्रात बी समरी म्हणजे तक्रार खोटी आणि सी समरी म्हणजे खरी-खोटी ठरत नाही किंवा गैरसमजातून झालेली. चार्जशीट आल्यावर कोर्ट कागद पाहून ठरवतं की आरोप ठेवायचा की नाही. आरोप ठेवला की भावाला विचारलं जाईल, ‘गुन्हा कबूल आहे का?’ त्या गृहस्थांचं ‘कबूल करा’ हे त्या क्षणासाठी आहे. साक्षीपुरावे त्यानंतर, आणि दोषी की निर्दोष हे सगळ्यात शेवटी. आज तुमचा भाऊ पहिल्या पायरीवर उभा आहे. गावात लोक त्याला गुन्हेगार म्हणत असतील, कायदा म्हणत नाही.

आता गुरुवारबद्दल. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहेत. पहिलीत गुन्हे आहेत, दुसरीत कामाची पद्धत. ३५(३) ची नोटीस दुसरीतली आहे. तिचा अर्थ असा, की अटक न करता चौकशीला बोलावलं आहे. तो नोटिशीप्रमाणे हजर राहत गेला तर त्याला अटक करायची नाही, आणि करायचीच झाली तर पोलिसांना कारण लेखी नोंदवावं लागतं. ७ वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सरसकट अटक नको, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात स्पष्ट सांगितलं आहे. गैरहजर राहिला तर मात्र हे संरक्षण हातचं जातं. म्हणून तो जाणारच. वकिलांना आधी भेटून जाईल, आणि नोटिशीची प्रत व पोहोच जपून ठेवील. शिवाय ११७(२) जामीनपात्र आहे. समजा अटक झालीच, तरी जामीन हा त्याचा हक्क आहे, त्यासाठी कोणाची मेहरबानी लागत नाही.

तिथे काय बोलायचं, याची तुम्हाला सगळ्यात जास्त भीती असणार. नाव, पत्ता, वय खरं सांगायचं. स्वतःला गोवणाऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला कोणीही भाग पाडू शकत नाही, हा संविधानाच्या कलम २०(३) चा हक्क आहे. पोलिसांसमोर दिलेली कबुली त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, आणि तपासात घेतलेल्या जबाबावर सही घेण्याची कायद्यात तरतूदच नाही. पण एक फट आहे, ती वकील सांगतीलच, तरी मीही सांगते. ‘दांडा कुठे ठेवलाय ते दाखवतो’ असं तो म्हणाला आणि दांडा सापडला, तर तेवढा भाग पुरावा ठरतो. त्यावर पंचनामा होतो आणि कोर्टात तोच कागद सरकारी वकिलांचा आधार बनतो. म्हणून त्याने घाबरून भडाभडा बोलू नये, आणि खोटंही बोलू नये. ‘वकिलांशी बोलून सांगतो’ एवढं वाक्य पुरतं. दांडा लपवायचा, जाळायचा, नदीत टाकायचा असा विचार घरात कोणी करत असेल तर आजच थांबवा. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे.

फिर्यादीच्या घरी ‘समजवायला’ जाणारी माणसंही थांबवा. साक्षीदाराला धमकावून खोटी साक्ष द्यायला लावणं हा ७ वर्षांपर्यंत शिक्षेचा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि तो व्हॉट्सअॅपवरच्या एका रागाच्या मेसेजवरूनही उभा राहू शकतो. तडजोड करायची आहे, पण वकिलांमार्फत. त्याबद्दल पुढे लिहिते.

मला काळजी वाटते ती एका गोष्टीची. आज ११७(२) आहे, उद्या तेच राहील असं नाही. तपासात कलम वाढवता येतं. फावड्याचा दांडा हे जिवावर बेतू शकेल असं हत्यार आहे, असं पोलिसांना वाटलं तर ११८(२) लागू शकतं. तिथे किमान १ वर्ष आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, आणि ते अजामीनपात्र आहे. मग अटकपूर्व जामिनासाठी सत्र न्यायालयात धावावं लागेल. वाईट ओढवून घ्यायला हे सांगत नाही. वकील आजच नेमा, गुरुवारनंतर नको, एवढ्यासाठी सांगते. खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय कोर्टाच्या आवारातच असतं. उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल तर मोफत वकील मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्नाची अटही नाही. १५१०० हा त्यांचा मदत क्रमांक आहे.

बचाव काय, याकडे वळते. ‘हात मोडला हे तर खरंच आहे, मग बचाव कसला?’ असं तुम्ही मनात म्हणत असाल. बचाव म्हणजे घडलं ते नाकारणं, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो अनेक ठिकाणी असतो.

हाड मोडलं की जखम ‘गंभीर’ ठरते, हे खरं. पण तेवढ्याने ११७ पुरं होत नाही. मारणाऱ्याचा इरादा गंभीर दुखापतीचा होता, किंवा ती होईल हे त्याला ठाऊक होतं, हे सरकारी पक्षाला सिद्ध करावं लागतं. ढकलाढकलीत दांडा मनगटाला लागला, आणि दोन्ही हातांनी उगारून तो मनगटावर हाणला, यात कायद्याच्या नजरेत खूप अंतर आहे. इथे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि एक्स-रे कळीचे ठरतात. हाड कुठे मोडलं, कसं मोडलं, पडल्याने मोडू शकतं का, हे प्रश्न डॉक्टरांच्या उलटतपासात निघतात. बिनएक्स-रेचं ‘फ्रॅक्चर’ कोर्टात टिकवणं अवघड जातं. इरादा सिद्ध झाला नाही तर प्रकरण ११५(२) वर उतरू शकतं, म्हणजे पुन्हा तो ‘किंवा’ असलेल्या कलमावर.

दुसरी बाजू स्वसंरक्षणाची. न्याय संहितेच्या ३४ पासून ४४ पर्यंतच्या कलमांत आपलं आणि दुसऱ्याचं शरीर, शिवाय मालमत्ता वाचवण्याचा हक्क दिला आहे. बापाच्या डोक्यात कोणी मारत असताना मुलाने मध्ये पडणं या हक्कात बसतं. मात्र हक्काला मर्यादा आहे, बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. म्हणून आधी कोणी मारलं, बाबांना काय लागलं आणि दांडा नेमका कधी उचलला, हा क्रम सगळ्यात महत्त्वाचा आहे. अचानक आणि गंभीर चिथावणीने मारलं असेल, तर त्यासाठीही १२२ हे कमी शिक्षेचं वेगळं कलम आहे. कोणाकडे घटनेचं शूटिंग असेल तर मूळ फोन तसाच ठेवायला सांगा. नुसती फॉरवर्ड केलेली क्लिप पुरेशी नसते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३(४) प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते देणं सोपं जातं.

बाबांचं नाव ३(५) मुळे आलंय. अनेकांनी मिळून, एकाच इराद्याने गुन्हा केला तर प्रत्येक जण जबाबदार, असं ते कलम सांगतं. नुसतं तिथे उभं असणं म्हणजे समान इरादा नव्हे. बाबांचा बचाव भावाच्या बचावापेक्षा वेगळा असू शकतो, हे लक्षात ठेवा. दोघांच्या गोष्टी एकमेकींना छेद देत असतील, तर वकीलही वेगळा घ्यावा लागेल.

चार्जशीट आली की तिची पूर्ण प्रत विनामूल्य मिळते, आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांत. ती वकिलांबरोबर बसून ओळ न् ओळ वाचा. कागदावरच काही उभं राहत नसेल तर दोषमुक्तीचा अर्ज करता येतो, पण कागद मिळाल्यापासून ६० दिवसांच्या आत. ही मुदत नव्या संहितेने आणली आहे आणि ती अनेकांच्या लक्षात राहत नाही. दोषमुक्ती म्हणजे साक्षीपुराव्याआधीच सुटणं. निर्दोष मुक्तता ही खटला पुरा चालल्यावर होते.

आणि तडजोड. तुमच्या प्रकरणात मला सगळ्यात खरा रस्ता हाच दिसतो, कारण भांडण बांधाचं आहे आणि बांध उद्याही तिथेच राहणार आहे. ११७(२) हे कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतं, ११५(२) साठी परवानगीही लागत नाही. मात्र मिटवणारा तो चुलतभाऊ, ज्याला लागलं तो. गावातले पाच जण बसून ते करू शकत नाहीत. कायदेशीर तडजोड झाली की तिचा परिणाम निर्दोष मुक्ततेचाच असतो. तेही राष्ट्रीय लोक अदालतीत करता येतं, किंवा दोन्ही बाजू राजी असतील तर उच्च न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली गुन्हाच रद्द करून घेता येतो. हे ११७(२) असेपर्यंत सोपं आहे. ११८(२) लागलं तर तालुक्याच्या कोर्टात मिटवता येणार नाही, मग उच्च न्यायालयाशिवाय मार्ग नाही. बांधाची मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाकडून करून घ्यायची तयारी दाखवा, खर्च अर्धा-अर्धा. हात मोडलेल्या मुलाच्या औषधोपचाराचे पैसे द्या. दिलगिरीचे शब्द वकिलांमार्फत जाऊ देत, पण ते मनापासून असू देत. त्या मुलाचा हात खरंच मोडलाय. त्याच्याही घरी कोणी बहीण असेल.

प्ली बार्गेनिंग, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षा मागणं, असा एक प्रकार आहे, तोही कोणी सुचवेल. ७ वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात, आरोप ठेवल्यापासून ३० दिवसांत अर्ज करता येतो आणि शिक्षा कमी होते. पण त्यातही माणूस दोषी ठरतो. तुमच्या भावासाठी तो पहिला पर्याय नव्हे.

समजा खटला चालला आणि तो दोषी ठरला. तरी तुरुंगाचं दार लगेच उघडतं असं नाही. १९५८ च्या प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स अॅक्टच्या कलम ४ खाली, पहिलाच गुन्हा आणि चांगली वर्तणूक पाहून, कोर्ट शिक्षा न देता चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडू शकतं. वकिलांना हे मागायला सांगा, न मागताच ते मिळेल असं धरून चालू नका. असं सोडलं तर त्याच कायद्याचं कलम १२ सांगतं, की दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. पण जन्मठेपेच्या कलमांना कलम ४ लागत नाही, म्हणूनही ११८(२) ची मला धास्ती वाटते. शिक्षा झालीच तर अपील सत्र न्यायालयात, ३० दिवसांत. शिक्षा ३ वर्षांपर्यंतची असेल आणि तो जामिनावर असेल, तर शिक्षा देणारं कोर्टच अपिलापुरती शिक्षा थांबवून जामीन देऊ शकतं.

दोषी ठरण्याची खरी किंमत कैदेपेक्षा लांब चालते. नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ते येतं. सरकारी नोकर असेल तर संविधानाच्या ३११(२) च्या अपवादामुळे वेगळ्या चौकशीविना बडतर्फ करता येतं. आणि दोषी ठरण्याआधीही त्रास आहेच. कोर्टात खटला चालू असताना पासपोर्ट हवा तर कोर्टाची परवानगी लागते. तारखेला न सांगता गैरहजर राहिला तर वॉरंट निघतं. भरतीची मैदानी चाचणी आणि तारीख एकाच दिवशी आली तर हजेरी माफीचा अर्ज आधी द्या, नंतर धावपळ नको.

आता फॉर्मबद्दल. फॉर्ममध्ये विचारलं असेल तर खरं लिहा. गुन्हा क्रमांक, कलमं, सद्यःस्थिती, सगळं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या अवतार सिंग निकालाचं सार असं, की माहिती दडवली तर त्या दडवण्यावरूनच निवड रद्द होऊ शकते, अगदी नोकरी लागल्यानंतरही. खरं लिहिलं तर नेमणूक देणारे प्रकरणाचं स्वरूप, वय, निकाल पाहून विचार करू शकतात. तुम्हाला खोटी आशा मात्र देणार नाही. पोलीस दलाची गोष्ट वेगळी आहे. तडजोडीने किंवा साक्षीदार फितूर झाल्याने सुटलेल्या उमेदवारालाही नाकारण्याचा अधिकार निवड समितीला आहे, असं २०१३ च्या मेहर सिंग निकालात म्हटलं आहे. म्हणजे सगळं नीट झालं तरी ही भरती हातची जाऊ शकते. त्याने अभ्यास थांबवू नये, पण पोलीस भरतीसोबत दुसऱ्या परीक्षांचे अर्जही आत्ताच भरावेत.

राहिले बाबांचे टाके. उपचाराचा कागद, केसपेपर, औषधांच्या पावत्या, त्या दिवशीचा रक्ताचा सदरा, सगळं एका पिशवीत घाला. तक्रार आता द्यावी का? जे घडलं ते खरं असेल आणि उशीर का झाला हे सरळ सांगता येत असेल, तर द्या. ‘घरचंच भांडण म्हणून थांबलो’ हे खरं कारण आहे, तेच लिहा. पोलिसांनी घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवता येते, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. समोरच्याला दबावात आणायला म्हणून चार नावं वाढवून खोटी फिर्याद देऊ नका. तडजोडीची दारं बंद होतील आणि टाक्यांचा खरा कागदही संशयात येईल.

उद्या सकाळीच बाबांना वकिलांकडे घेऊन जा, भाऊ नंतर आला तरी चालेल. तुम्ही बाहेर बसा. पहिला हात कोणी उचलला, दांडा आधी कोणाच्या हातात होता, मुलगा मध्ये कधी पडला, हे सगळं त्यांनीच पाहिलंय, आणि आजवर ते त्यांना कोणी शांतपणे विचारलेलं नसावं. वेळ लागला तरी लागू द्या.